मिसिंग

सिग्नलला थांबलं की गाडीला हुडहुडी भरायची. गॅरेजमधल्या पोरानं बॉनेटवर नुसता हात ठेवला. "सर, मिसिंग मारतेय." स्कॅनर लावला. पी ०३०२. म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरात जाळ होत नाही.

मी तीस वर्षं न्यायशास्त्रातला तर्कसंग्रह शिकवला. 'इथे अमुक नाही' हे कळतं कसं, यावर नैयायिक आणि भाट्ट मीमांसक शतकानुशतकं भांडले. नैयायिक म्हणतात, रिकामी जमीन दिसते तसा घटाचा अभावही डोळ्यांना दिसतो. भाट्टांना त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण लागतं. पण अट दोघांनाही मान्य: ती वस्तू असती तर दिसली असती. बंद सिलिंडरात ती अटच पुरी होत नाही. मग या कॉम्प्युटरला अग्नीचा अभाव कळला कुठून?

क्रँकच्या दातेरी चाकावरून. आयडलिंगला मिनिटाला ८०० फेरे धरले, तर प्रत्येक सिलिंडर ४०० वेळा पेटतो. एखादा पेटला नाही, की त्याच्या पाळीला चाक किंचित रेंगाळतं. जन्मभर मी धुरावरून अग्नी शिकवला. इथे धक्का नाही म्हणून अग्नी नाही. हा हेतूही तसा सव्यभिचारीच, म्हणजे कधीकधी चकवणारा. खड्ड्यांतले हिसके क्रँकपर्यंत पोचतात, म्हणून बऱ्याच गाड्या चाकांच्या सेन्सरशी ताडून बघतात. (आपल्या रस्त्यांवर त्या बिचारीनं किती ताडायचं?)

कोडनं पक्ष, म्हणजे दोषाची जागा, सांगितला; कारण नाही. कॉइल, प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, कुणीही दोषी असेल. पोरानं दोनची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर घातली, कोड पुसला, गाडी चालू केली. ०३०३.

"सापडली!" मी म्हणालो. कॉइल जिथे तिथे दोष, कॉइल नाही तिथे दोष नाही: अन्वय-व्यतिरेक वर्गात इतका लख्ख कधी दिसला नव्हता.

"थांबा सर. सॉकेट सैल असेल, काढता-घालताना हललं असेल." आणि कॉइल त्यानं परत दोनवर बसवली.

ही उपाधीची, म्हणजे लपलेल्या अटीची, शंका. धुराला नुसता अग्नी पुरत नाही, ओलं सरपणही लागतं. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. हे उदाहरण मुलं घोकून लिहायची, मी पैकीच्या पैकी मार्क द्यायचो. जुना दोष परत आणून बघावा, असं मात्र कुणाच्या, माझ्याही, मनात आलं नाही.

गाडी पुन्हा थरथरली. ०३०२. त्यानं लगेच इंजिन बंद केलं. सिलिंडरात न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि तो खलास होतो.