याकोबाचा शेतकरी

नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात धीराचा दाखला म्हणून शेतकरी येतो: आगोटीच्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहणारा. यवतमाळच्या कोरडवाहू पट्ट्यात हा दाखला उलगडून सांगावा लागत नाही. मृगात टोबलेली सरकी उघडिपीने करपली की दुबार पेरणीसाठी बियाण्याची पाकिटे पुन्हा उधारीवर आणायची, हे इथे घरोघरी ठाऊक आहे. पण त्यामुळेच तो इथे जपून वापरावा लागतो. १९ मार्च १९८६ रोजी ज्या जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकऱ्याने कुटुंबासह जीवन संपवले, तिथे कर्जात बुडालेल्याला ‘धीर धरा’ म्हणणे सावकाराच्या पथ्यावर पडू शकते. धर्म म्हणजे अफू, हा मार्क्सचा आक्षेप इथे पुस्तकी उरत नाही.

हा आक्षेप ख्रिस्ती परंपरेने ओढवून घेतला, असे माझे मत आहे. तिसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावर टर्टुलियनने सहनशीलतेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला (आपल्यात हा गुण नाही, अशी कबुली आरंभीच देऊन!). छळ होणाऱ्या, हाती सत्ता नसलेल्या मंडळीसाठी तो उपदेश होता. पुढे मंडळी सत्तेजवळ गेली, तेव्हा तोच उपदेश वरून खाली उतरू लागला आणि त्याचा अर्थच फिरला. धोका ऑगस्टीनच्या ध्यानात आला होता. दुष्ट माणसेही लोभापायी हाल सोसतात, म्हणून निव्वळ सोसणे हा सद्‌गुण नव्हे. कशासाठी सोसले ते पाहावे, असे त्याने मांडले. मूळ पत्र तर त्याहून रोखठोक आहे. शेतकऱ्याच्या दाखल्याआधी तीनच वचने, कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी मालकांविरुद्ध ओरडते आहे, असे याकोब बजावतो. आणि दाखल्यानंतर चार वचनांनी नाव घेतो ते ईयोबाचे, ज्याने देवालाच जाब विचारला. म्हणजे या धीरात गाऱ्हाणे मुळातच धरलेले आहे. १९५३पासून तीस वर्षे यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. या मातीत घडलेल्या उपदेशकाने मजुरीचे वचन गाळून पावसाचे तेवढे वाचावे, हे पटत नाही.

गाऱ्हाणेच मांडायचे तर मग श्रद्धा कशाला, संघटना पुरे, असे कोणी म्हणेल. मजुरी मिळवायला संघटनाच हवी, हे मान्य. पण फळ दिसत नसताना माणूस कामाला कशाच्या बळावर चिकटून राहतो, हा प्रश्न उरतोच. पंडिता रमाबाईंचे आई-वडील दुष्काळात गेले. १८९६-९७च्या दुष्काळात त्या प्रार्थना करत घरी बसल्या नाहीत, मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावला त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले, ते वर्षानुवर्षे चालले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून आले १९२४ मध्ये.