डब्यावरचं नाव

आजी गेली, त्यानंतर तिची भांडी वाटून घ्यायची वेळ आली, तेव्हा माळ्यावरून एक पितळी डबा खाली आला. चिंच लावून घासला, तसं त्याच्या अंगावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव उजळलं. आधी ‘चि. सौ. कां.’ आणि पुढे आमच्यापैकी कुणाच्याच ओळखीचं नसलेलं एक नाव. कुणाचा बरं हा डबा आपल्याकडे राहिला, म्हणून विचारपूस सुरू झाली. थोरल्या आत्यानं चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, “अगं, आईचाच आहे. हे तिचं माहेरचं नाव.”

ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, त्या दिवशी हे जुनं नाव माळ्यावर गेलं होतं. मग ती वहिनी झाली, काकू झाली, आई झाली, आजी झाली. आयुष्यभर तिला हाका मारल्या गेल्या, त्या सगळ्या हाक मारणाऱ्याच्या नात्यानं.

तो डबा हातात धरला आणि गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’ ही कादंबरी आठवली. 2018 साली हिंदीत आलेली ही कादंबरी डेझी रॉकवेल यांच्या इंग्रजी अनुवादातून जगभर गेली आणि 2022 मध्ये तिला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. हिंदीला हा मान पहिल्यांदाच मिळाला. आणि या कादंबरीची नायिका कोण? ऐंशी वर्षांची एक विधवा.

नवरा गेल्यावर ही म्हातारी अंथरूण धरते. तोंड भिंतीकडे, पाठ घराकडे. मुलगा, सून, मुलगी, सगळे आळवतात : ऊठ, चार घास खा, जरा उन्हात बस. ती उठत नाही. पण तिचं ते ‘नहीं’ म्हणता म्हणता ‘नई’ होत जातं. नकार देत पडलेली बाई आतून नवी होते आहे, हे लेखिका एका अक्षराच्या फरकानं दाखवते. मग एक दिवस ती उठते. मुलाचं घर सोडून मुलीकडे राहायला जाते. रोझी नावाच्या तृतीयपंथी मैत्रिणीत रमते. आणि शेवटी सरहद्द ओलांडून पाकिस्तानात जाते. तिथे कळतं, की फाळणीच्या आधी तिचं एक वेगळंच आयुष्य होतं. तेव्हा ती चंदा होती आणि अन्वर नावाच्या तरुणाशी तिचं लग्न झालं होतं. स्वतःला आधुनिक समजणारी मुलगी हे पाहून चक्रावते. आपण आईला सांभाळतो आहोत असं तिला वाटत होतं. आईला आपण ओळखतच नव्हतो, हे तिला तिथे उमगतं.

‘माँ’ पासून ‘चंदा’ पर्यंतची ही वाट मला फार मोलाची वाटते. पूर्वीच्या कथांमध्ये म्हातारी असायची, पण बहुतेकदा कोपऱ्यात : माजघरात जप करणारी, नाहीतर सुनेला छळणारी, नाहीतर नातवंडांना गोष्टी सांगणारी. तिची स्वतःची गोष्ट क्वचितच कुणी सांगितली. हिंदी लेखिका कृष्णा सोबती यांनी ‘ऐ लड़की’मध्ये मृत्युशय्येवरच्या आईला बोलतं केलं. ती लेकीशी आपल्या शरीराबद्दल, संसाराबद्दल, जगण्याच्या चवीबद्दल मोकळेपणानं बोलते. आजच्या कथा-कादंबरीनं ही वाट रुंद केली आहे.

म्हातारपण म्हटलं की आपण हिशेब मांडतो तो गमावल्याचा. दात गेले, नजर गेली, नावं आठवेनाशी झाली. हा हिशेब खोटा नाही. पण या कादंबऱ्या त्याच वयाकडे दुसऱ्या बाजूनं बघायला शिकवतात. मुलं मोठी झाली, कर्तव्यं पार पडली, लोक काय म्हणतील याची धास्ती उरली नाही, की वर्षानुवर्षांचा थर निघू लागतो. चिंचेनं घासलेल्या पितळेसारखं खालचं मूळ नाव दिसू लागतं. ते पुसलं गेलेलं नसतं. त्याकडे कुणी बघितलेलं नसतं, एवढंच.

आणि एवढ्यासाठी कुठल्या बाईला ऐंशीव्या वर्षापर्यंत, नवरा जाईपर्यंत थांबावं लागू नये.

आज सकाळी घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ चहाचा कप घेऊन दहा मिनिटं बसा. गोळी घेतली का, हे नंतर विचारा. आधी विचारा, माहेरी तुला काय म्हणून हाक मारायचे? तेव्हा तुला काय आवडायचं? काय करायचं राहून गेलं? आणि मग मध्ये न बोलता ऐका. आमच्या आजीला हे आम्ही कधीच विचारलं नाही. तिचं नाव आम्हाला डब्यावर वाचावं लागलं. तुम्ही ते तिच्या तोंडून ऐका.