राजाविरुद्ध उठणे हे पाप काय?

गेल्या एकादशीस अंबरनाथला आमच्या आळीत भजन झाले. बुक्का लावून माणसे घरोघर गेली, पण बदलापूरहून आलेला एक तरुण टाळकरी मागे घुटमळत राहिला. म्हणाला, "बुवा, राजा हा विष्णूचा अंश असे कीर्तनात ऐकतो. मग आमच्या पणजोबांनी निजामाविरुद्ध सत्याग्रह केला, ते पापच झाले का हो?" त्याचे घराणे पैठणकडचे. पोटापाण्यासाठी इकडे कारखान्यात आले आणि इकडचेच झाले. त्या वेळी मला नीट उत्तर सुचले नाही, म्हणून लिहितो.

नाथांचे पैठण, ज्ञानोबारायांच्या घराण्याचे आपेगाव, नामदेवरायांची नर्सी ही सारी निजामाच्या मुलखात. पंढरी मात्र इंग्रजांच्या. नाथांची पालखी निघाली म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाई.

निजामाने काहीच केले नाही असे म्हणणे बरे नव्हे. दवाखाने झाले, रेल्वे झाली, निजामसागर झाला. दारिद्र्य म्हणाल तर ते इंग्रजी मुलखातही काही कमी नव्हते. मग माणसे उठली कशाने? माझ्या मते भुकेपेक्षा तोंड दाबल्याने. सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी. तो हुकूम 'गश्ती निशाण ५३' म्हणून बदनाम होता. मायबोली मराठी, पण कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षी वंदे मातरम् म्हटले म्हणून विद्यार्थ्यांची नावे कॉलेजातून काढली. कित्येकांनी नागपूर गाठून शिक्षण पुरे केले. आता गाण्याने का कुठे राज्य बुडते? पण ज्याला गाणे ऐकवत नाही, त्याला गाऱ्हाणे कसे ऐकवावे! स्वामी रामानंद तीर्थ तर संन्यासी; हिप्परग्याच्या आणि मग अंबाजोगाईच्या शाळेत मुलांना शिकवणारे. अशा माणसाला तुरुंगात घालावे लागले, यातच सारे आले.

रशियात याहून भयंकर घडले. जानेवारी १९०५ मध्ये हजारो मजूर एका धर्मगुरूच्या मागे, देवाच्या तसबिरी घेऊन, स्तोत्रे म्हणत झारच्या वाड्याकडे अर्ज घेऊन निघाले. दिंडीच म्हणा ना! झारला ते बाप मानीत. सैनिकांनी गोळ्या घातल्या. १९१७ साली त्या बापाला गादी सोडावी लागली.

उलट आपले औंध पाहा. १९३९ साली राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी आपण होऊन कारभार रयतेच्या हाती दिला. तिथे राजाशी भांडायचे कारणच उरले नाही.

तेव्हा अरे बाळा, पणजोबांचा सत्याग्रह पाप नव्हे. अर्जाची वाट ज्याने बुजवली, दोष त्याचा.

पण एवढ्यावर थांबलो तर मी खोटा ठरेन. पुढे रझाकारांनी मुलूख जाळला. विलीनीकरणाच्या बाजूने लिहिले म्हणून 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांनीच ठार केले; तेही मुसलमानच. १३ सप्टेंबरला भारताची फौज शिरली, १७ ला निजाम शरण आला. आणि त्यानंतर उस्मानाबाद, नांदेड या भागांत कित्येक निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर सूड उगवला गेला. सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने ते लिहून ठेवले. तो अहवाल मात्र कितीतरी वर्षे दडून राहिला. हे कोणाच्या खात्यावर मांडायचे? निजामाच्या नावे लिहून आपल्याला मोकळे होता येत नाही. सूड घेणाऱ्याचे हात त्याचे स्वतःचे होते. घरदार सुटणे म्हणजे काय, हे कळत नसेल तर शेजारच्या उल्हासनगरात सिंधमधून आलेल्या कुटुंबांना विचारावे.

पुढच्या एकादशीस त्या मुलाला हेच सांगणार आहे. मग तो विचारील, "बुवा, त्या सप्टेंबरात आमचे पणजोबा गावात काय करीत होते?" ते मला ठाऊक नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनाच त्याने विचारावे.