दुर्बीण घेण्याआधी

लष्कर, ग्वाल्हेर
25 सप्टेंबर 2025

चि. सोनू,

तुझं पत्र घटस्थापनेला मिळालं. आजीने ते दोनदा वाचून घेतलं आणि मग मला म्हणाली, "आता हिला नीट उत्तर लिहा, फोनवर उरकू नका." म्हणून लिहायला बसलो आहे.

स्कॉलरशिपच्या पैशातून दुर्बीण घ्यायची, तिला कॅमेरा जोडायचा, शनीचा फोटो काढायचा आणि देवयानी दीर्घिकेचाही, असा तुझा बेत. आणि प्रश्न एकच, की या पैशात सगळ्यात मोठी दुर्बीण कुठली येईल? बेटा, हा प्रश्न मीही तुझ्या वयात असाच विचारला होता, आणि त्याचं उत्तर ऐकून पैसे घालवले होते. तेव्हा आधी दुसरं काही सांगतो.

दिवाळीत तू येशील तेव्हा रात्री दहाच्या आसपास आपल्या गच्चीवर उभी राहा. शनी दक्षिणेला, क्षितिजापासून साठ अंश वर असेल. देवयानी डोक्यावरून किंचित उत्तरेकडे. दोन्ही एकाच वेळी, मान थोडी वळवली की झालं. पण शनीचा गोळा या दिवसांत जेमतेम एकोणीस विकला रुंद दिसतो. चंद्र अठराशे विकलांचा, म्हणजे असे पंचाण्णव शनी शेजारी शेजारी ठेवले तर एक चंद्र होईल. देवयानीचं उलट आहे. चांगल्या फोटोत ती तीन अंश पसरलेली दिसते, म्हणजे सहा चंद्र एका ओळीत मांडावेत इतकी. शनी उजळ पण इवलासा, देवयानी अवाढव्य पण अतिशय फिकी. एकाला मोठं करून बघायचंय, दुसरीचा प्रकाश थेंबाथेंबाने साठवायचाय. ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्हींना एकच दुर्बीण पुरेल असं दुकानदार सांगेल, पण ते खरं नाही.

आधी शनी. ग्रहांसाठी लांब फोकसची दुर्बीण लागते, सहा ते आठ इंची आरसा असलेली. कॅमेरा मात्र छोटा, व्हिडिओ काढणारा. आठ इंची दुर्बिणीचा फोकस दोन मीटर असतो, पुढे बार्लो भिंग लावून तो तीन मीटरपर्यंत वाढवला तर शनीचा गोळा सेन्सरवर पाव मिलिमीटरच्या थोडा वर जातो. 2.9 मायक्रॉनच्या पिक्सेलवर हे शंभराच्याही आत पिक्सेल झाले. त्यापेक्षा वाढवून हाती काही लागत नाही, नुसता धूसर गोळा मोठा होतो. हिशेब सोपा आहे. पिक्सेल जितक्या मायक्रॉनचा, त्याच्या साधारण पाचपट एफ-आकडा, म्हणजे फोकस भागिले आरशाचा व्यास, ठेवायचा. 2.9 ला पाचाने गुणलं की चौदा-पंधरा.

आणि मग हवा. लॅपटॉपवर शनी पहिल्यांदा येतो तेव्हा विहिरीच्या तळाशी पडलेलं नाणं पाण्यातून दिसावं तसा दिसतो. कड थरथरते, कडी तुटते, जुळते, मधेच एखादा क्षण पाणी थांबतं आणि सगळं स्वच्छ होतं. डोळा तो क्षण धरून ठेवू शकत नाही, कॅमेरा ठेवतो. म्हणून ग्रहाचा फोटो काढायचा नसतो, व्हिडिओ काढायचा असतो. सेकंदाला शंभर फ्रेम, दोन-तीन मिनिटं. त्यातल्या सर्वांत स्थिर दहा-वीस टक्के फ्रेम ऑटोस्टॅकर्ट निवडतो आणि एकावर एक रचतो, मग रेजिस्टॅक्समध्ये बारकावे वर काढायचे. गुरूच्या बाबतीत वेळ लांबवू नकोस, तो पावणेदहा-दहा तासांत स्वतःभोवती फिरतो आणि पाच-सहा मिनिटांत त्याचे पट्टे सरकलेले दिसतात. मे 2021 मध्ये पुण्यातल्या सोळा वर्षांच्या मुलाचा चंद्राचा फोटो देशभर गाजला होता, आठवतो? पन्नास हजारांहून जास्त फ्रेम होत्या त्यात, 186 जीबी. दुर्बीण जेमतेम पाच इंची. त्याने जिंकलं ते फ्रेमच्या ढिगावर आणि धीरावर.

आपल्या गच्चीबद्दल एक सांगून ठेवतो, कारण हे तुला कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही. आपली गच्ची दगडी पटियांची आहे. दिवसभर तापते आणि रात्री दहा-अकरापर्यंत ती ऊब वर सोडत राहते. मे महिन्यात तर मध्यरात्रीनंतरही अनवाणी पायाला चटका जाणवतो. त्या उबेतून पाहिलेला ग्रह म्हणजे चुलीवरच्या हवेतून पाहिलेली भिंत. उपाय दोन. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, अंधार पडायच्या आत, म्हणजे ओल सुकून जाते. आणि दुर्बीण दोन तास आधी बाहेर ठेवायची, तिचा आरसा आणि नळीतली हवा थंड होऊ द्यायची. गच्चीबद्दलच आणखी एक, तिपाईचे पाय पटियाच्या मधोमध कधीच ठेवायचे नाहीत. खालच्या जाड भिंतीच्या डोक्यावर ठेवायचे. मधोमध ठेवले तर जिन्यावरून कोणी चढलं तरी शनी उडी मारतो. मी खडूने तीन खुणा करून ठेवल्या आहेत, जिन्याच्या उजव्या हाताला, आजीची तुळस आहे तिथे.

यंदा शनीची कडी आपल्याला जवळजवळ काठावरून दिसते आहे. मार्चमध्ये तर पृथ्वी कड्यांच्या पातळीतूनच गेली. मण्यातून सुई ओवावी तसा दिसेल तो. हिरमुसू नकोस, अशी वेळ पंधरा वर्षांनी येते. गुरू 10 जानेवारी 2026 ला प्रतियुतीत आहे, मिथुन राशीत, ग्वाल्हेरच्या अगदी माथ्यावर, शहाऐंशी अंशांपर्यंत चढणार. कागदावर याहून चांगली जागा नाही. पण जानेवारीत आपल्याकडे धुकं काय असतं ते तुला माहीत आहेच, आणि धुकं नसलं तरी हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानावरून पश्चिमेचा जोरदार वरचा वारा वाहतो, त्याने गुरू उकळल्यासारखा दिसतो. माझ्या अनुभवात आपल्याकडचे सगळ्यात चांगले दिवस पाऊस माघारी गेल्यावरचे, ऑक्टोबर आणि अर्धा नोव्हेंबर. धूळ धुतलेली असते, वरचा वारा अजून खाली आलेला नसतो.

आता दुर्बिणीच्या बैठकीबद्दल, म्हणजे तुम्ही माउंट म्हणता ते. यासाठीच खरं तर हे पत्र लिहितो आहे.

उज्जैनची वेधशाळा तू शाळेच्या सहलीत पाहिली आहेस. सवाई जयसिंगाने बांधलेली ती यंत्रं पडझडीला आली होती, ती आपल्या ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी 1923 मध्ये दुरुस्त करवून घेतली, आणि वेधशाळेचं काम गोविंद सदाशिव आपट्यांनी सांभाळलं. तिथल्या सम्राट यंत्राची ती तिरकी भिंत आठव. तिचा चढ सुमारे तेवीस अंशांचा आहे, कारण उज्जैनचा अक्षांश तेवढा आहे. ती भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर उभी आहे. जयसिंगाने आधी पितळी यंत्रं करून पाहिली होती. ती हलतात, त्यांचे आस झिजतात, म्हणून त्याने दगड-चुन्याची बांधली. तीनशे वर्षांपूर्वी त्याला जे कळलं ते आज दुकानात विसरलं जातं.

तुझी बैठक म्हणजे तेच सम्राट यंत्र, फक्त फिरणारं. तिचा आस ध्रुवाकडे रोखायचा, ग्वाल्हेरसाठी सव्वीस अंशांवर, आणि मोटरने पृथ्वीच्या उलट दिशेला फिरवायचा. पृथ्वी दर सेकंदाला पंधरा विकला वळते, म्हणजे मोटर नसेल तर शनी सव्वा सेकंदात स्वतःच्या रुंदीएवढा सरकून जातो. देवयानीसाठी तर दोन-तीन मिनिटांची एकेक फ्रेम हवी, तेवढ्यात दोन-तीन विकलांचीही चूक चालत नाही, तारे लांबट होतात. ध्रुवतारा नेमक्या ध्रुवबिंदूवर नाही, पाऊण अंशाच्या आत बाजूला आहे, तेवढा फरकही जुळवावा लागतो. आपल्या गच्चीवरून उत्तरेला शेजारच्यांची पाण्याची टाकी आडवी येते, पण खडूच्या खुणांपासून ध्रुव सुटा दिसतो. खुणा तिथेच का केल्या त्याचं हे दुसरं कारण.

मी पहिली मोठी दुर्बीण घेतली तेव्हा नळी आठ इंची घेतली आणि बैठकीवर पैसे वाचवले. बैठकीवर लिहिलेलं वजन तिला पेलतं असं मी समजलो. डोळ्याने पाहायला पेलत होतंही. कॅमेरा लावल्यावर दर पाच फ्रेममधल्या चार फेकाव्या लागल्या, वारा आला की सगळ्याच. दोन हिवाळे त्यात गेले. म्हणून सांगतो, बैठकीवर जेवढं वजन लिहिलंय त्याच्या निम्म्याहून जास्त तिच्यावर चढवू नकोस, आणि पैशातला मोठा वाटा तिलाच दे. दुर्बीण नंतर बदलता येते.

देवयानीसाठी तर तुला मोठी दुर्बीण लागतच नाही. बाबांचा जुना डीएसएलआर आहे ना? त्याच्या सेन्सरवर चारशे मिलिमीटर फोकसने सव्वातीन अंश बसतात, देवयानी कडेकडेने मावते. सत्तर-ऐंशी मिलिमीटरची छोटी भिंगाची दुर्बीण पुरे. तीही नको, 135 ची लेन्स आणि एक लहान ट्रॅकर एवढ्यावर सुरुवात कर. फोकससाठी बाख्तिनोव जाळी विकत घेऊ नकोस. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घे, नमुना छापून ब्लेडने काप. ताऱ्याला तीन किरण फुटतात, मधला किरण दोघांच्या बरोबर मध्ये आला की फोकस झाला.

1880 मध्ये न्यूयॉर्कच्या हेन्री ड्रेपर नावाच्या डॉक्टरने मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला, त्याला 51 मिनिटं काच उघडी ठेवावी लागली. मी मार्च 1986 मध्ये पहाटे तिघऱ्याच्या धरणावर हॅलेच्या धूमकेतूसाठी दहा मिनिटं फिल्म उघडी ठेवली होती. मार्गदर्शक दुर्बिणीतल्या काटछेदावर डोळा लावून, हाताने स्क्रू फिरवत, श्वास धरून. आठव्या मिनिटाला वळणावरून जीप आली आणि तिचे दिवे थेट लेन्सवर. फिल्म धुतली तेव्हा नुसता राखाडी पडदा निघाला. तुमच्या पिढीचं सुख हे, की एकच फ्रेम जपावी लागत नाही. शंभर फ्रेम घ्या, जीपवाली एक फेकून द्या, बाकीच्या रचा. शंभर फ्रेम रचल्या की त्यातली खरखर एका फ्रेमच्या मानाने दहावा हिस्सा उरते. चारशे रचल्या तर विसावा. चौपट मेहनतीला दुप्पट फळ, हे आधीच ध्यानात ठेव म्हणजे कंटाळा येणार नाही.

झाकण लावून तेवढ्याच वेळाच्या, तेवढ्याच तापमानाच्या वीस-तीस काळ्या फ्रेम घ्यायच्या. सेन्सर सहा-एक अंशांनी तापला की उष्णतेने त्यात आपोआप साचणारा खोटा प्रकाश दुप्पट होतो, आणि ग्वाल्हेरच्या मे महिन्यात रात्रीही पारा तिशीच्या वर असतो. उन्हाळ्यात संध्याकाळी देवयानी नसतेच, तरी हे लक्षात असू दे. आणि सपाट फ्रेम, ज्यांनी लेन्सवरच्या धुळीचे डाग आणि कडांचा अंधार निघून जातो. त्यासाठी आमच्याकडे उत्तम साधन आहे, माझं धुतलेलं पांढरं धोतर. दुहेरी घडी करून दुर्बिणीच्या तोंडावर ताणून रबर लावायचं, पहाटेच्या उजेडात वीस फ्रेम. कॅमेरा फिरवायचा नाही, फोकसला हात लावायचा नाही. सिरिल हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पुढचं सगळं त्यात होतं. ते मी समोर बसून शिकवेन, लिहून नाही.

राहता राहिला अंधार. लष्करातून देवयानी म्हणजे एक पुसट डाग. हायड्रोजनचा लाल प्रकाश 656.3 नॅनोमीटरला येतो, तो एकटा पकडणारी गाळणी लावली तर शहरातूनही तेजोमेघ मिळतात, मात्र साध्या कॅमेऱ्यातली आतली काच त्यातला बहुतेक लाल अडवते. देवयानी तेजोमेघ नाही. तिचा प्रकाश असंख्य ताऱ्यांचा, सगळ्या रंगांचा, रस्त्यावरच्या पांढऱ्या दिव्यांसारखाच. तिच्यासाठी कुठलीही गाळणी उपयोगी नाही, पेट्रोल उपयोगी आहे. जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला सामान घेऊन जेऊरला गेले होते. ग्रहण तिथे खग्रास दिसणार होतं, म्हणून ते तिथे गेले.

आपणही जाऊ. यंदा लक्ष्मीपूजनाच्या रात्री चंद्र नसेल, पण फटाक्यांच्या धुराने आकाश दूध झालेलं असेल. भाऊबीज होऊ दे. दुसऱ्या दिवशी, 24 ऑक्टोबरला, चंद्राची कोर लवकर मावळते. शिवपुरीच्या रस्त्याने घाटीगावच्या पुढे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं शेत आहे, विहिरीजवळ पक्का ओटा आहे. तिपाई त्यावर लावू. शनी तिथूनच काढू आधी, मग देवयानी.

तोवर काही विकत घेऊ नकोस. बाबांचा कॅमेरा, त्याच्या दोन बॅटऱ्या आणि पुठ्ठ्याची जाळी घेऊन ये. ट्रॅकर माझा आहे, त्याचा पट्टा मी कालच बदलून घेतला. इंदूरहून गाडीत जागा कुठल्या तारखेची मिळाली ते कळव, स्टेशनवर येतो. आजी विचारते आहे, अनारसे यंदा गुळाचे करू की साखरेचे.

तुझा,
आजोबा