संजयाची दृष्टी, अर्जुनाचा बाण

जयपूरच्या जयगडावर ‘जयबाण’ नावाची प्रचंड तोफ आहे. सवाई जयसिंहांच्या काळी, १७२० मध्ये, ती ओतली गेली. चाचणीसाठी एकदाच उडवली, युद्धात कधीच नाही. ती युद्धात उडवली असती, तरी आपला गोळा कोणाच्या अंगणात पडला हे तिच्या गोलंदाजाला दिसले नसते. अंतर वाढले की दृष्टी खुंटावी, हा शस्त्रांचा जुना नियमच होता.

ड्रोन नामक चालकरहित विमानाने तो नियम मोडला. अमेरिकेतील नेवाडाच्या वाळवंटात, क्रीच नावाच्या तळावर बसलेला सैनिक हजारो मैलांवरील अफगाणिस्तानातले एकच घर दिवसचे दिवस न्याहाळीत असे. कोण केव्हा बाहेर पडतो, मुले कोठे खेळतात, सारे त्याला ठाऊक होई. मग आज्ञा येई. प्रहारानंतरही दृष्टी काढण्याची मुभा नसे, कारण काय साधले तेही त्यानेच पाहावयाचे. पाळी संपली की मोटारीने घरी जाऊन मुलाबाळांसह जेवावयाचे.

येथे कोणी म्हणेल, त्याच्या प्राणाला धोका कोणता? परंतु अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्याच २०१३ मधील पाहणीत असे आढळले की, प्रत्यक्ष विमानात बसून लढणाऱ्या वैमानिकांना जितके मनोविकार जडतात, जवळजवळ तितकेच यांनाही जडतात. आणि हा विषय आता परदेशाचा राहिलेला नाही. २०२५ च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्षात दोन्ही बाजूंनी ड्रोन वापरले. राजस्थानच्या सीमेवरील लोकांनी ते आपल्या आकाशात पाहिले.

महाभारतात दूरचे पाहणारा संजय वेगळा आणि बाण सोडणारा अर्जुन वेगळा. जयपुराहून जवळच असलेल्या खाटूला ज्याच्या शिराची पूजा होते, त्या बर्बरीकाची लोककथाही हेच सांगते: त्याने सारे युद्ध पाहिले, पण शस्त्र उचलले नाही. या नव्या सैनिकाच्या ठायी मात्र संजयाची दृष्टी आणि अर्जुनाचा बाण एकत्र आले आहेत. शिवाय संजयाला ऐकणारा धृतराष्ट्र होता. याला गुप्ततेच्या शपथेमुळे पत्नीजवळही बोलता येत नाही.

अशा वेळी ‘तू केवळ निमित्तमात्र’ असे सांगून त्याची बोळवण करणारे भेटतात. मला ते अनुचित वाटते. निमित्ताची गोष्ट अकराव्या अध्यायातली आहे. पहिल्या अध्यायाचे भाषांतर करताना मी ‘कृपया’ या पदाशी बराच काळ अडलो होतो. मराठीतली ‘कृपा’ तेथे चालत नाही. ती स्वजनांना पाहून दाटून आलेली करुणा आहे. त्या अख्ख्या अध्यायात भगवंतांचे वाक्य एकच: जमलेल्या कौरवांना पाहा. नंतर अर्जुन धनुष्य टाकून खाली बसेपर्यंत ते एक शब्दही बोलत नाहीत, ऐकत राहतात.

दुर्योधनाचा प्राण जाताच आपली दिव्यदृष्टी नाहीशी झाली, असे संजय सौप्तिकपर्वात सांगतो. घरी परतलेल्या या सैनिकाची दृष्टी तशी जात नाही. तो जेवणाच्या पाटावर गप्प बसला, तर ‘तू कोठे रणांगणावर होतास?’ हा प्रश्न निदान आपल्या घरातून तरी त्याला जाऊ नये.