धड पायाचं ओझं

अंबाबाईच्या दर्शनाला कुणी कृत्रिम पाय लावून आलेलं दिसलं, की रांगेतल्या सगळ्यांच्या नजरा त्या पायावर जातात. कौतुकही त्याचंच होतं. खरं तर बघावं दुसऱ्या पायाकडे.

चालताना एकेका पायावर वजनापेक्षा थोडा जास्तच भार क्षणभर येतो. कृत्रिम पायावर माणूस नकळत कमी वेळ टेकतो. खुंट ज्यात बसतो त्या सॉकेटची कड रुतते, आणि घोट्यात पुढं रेटणारा स्नायूच नसतो. मग शरीर धड पायावर जोरात उतरतं आणि तिथंच जास्त वेळ थांबतं. पुढं त्या बाजूचा गुडघा कुरकुरायला लागतो, लोक म्हणतात वय झालं.

देवळाच्या दारात आणखी एक घोळ होतो. बहुतेक कृत्रिम पायांचा कोन चपलेच्या टाचेच्या उंचीवर बसवलेला असतो. चप्पल काढली की टाच खाली जाते, नडगी मागं कलते, सपाट फरशीवरही चढ चढल्यासारखं वाटतं. रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला जयपूर फूट मुळातच अनवाणी चालणाऱ्यांचा विचार करून केलेला. आपल्याकडं ही सोय चैनीची नव्हे, गरजेची.

पुण्यातलं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 मध्ये सुरू झालं, ते जखमी सैनिकांसाठी. गड्याचा उरलेला पाय तरणाबांड असायचा, वाढीव ओझं पेलायचा. आज मधुमेहानं पाय गेलेलेही पुष्कळ, आणि त्यांच्या दुसऱ्या पायातही तीच साखर मुरलेली असते. तळवा बधिर, वर भार वाढलेला. खडा टोचला, फोड आला, तरी कळत नाही.

अशा पायात आपली कोल्हापुरी नको, हे कोल्हापूरकरानं लिहायचं म्हणजे जिवावर येतं. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान आहेच. पण कडक चामड्याचा तळ बधिर तळव्याला सोसत नाही, आणि कृत्रिम पायाच्या बोटांना तिचा अंगठा धरता येत नाही. मऊ तळाची, मागं पट्टा असलेली चप्पल बरी.

रात्री पाय काढून ठेवल्यावर खुंटावरचे लाल वळ घरचे बघतात. दुसऱ्या तळव्याखाली आरसा धरायचा मात्र राहून जातो. फोड दिसला तर हळद लावून वाट बघू नये, दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखाना गाठावा.