सहलीची वाट आणि भाताचा बांध

शहरातील कुटुंबाने सकाळी निघून खेडी पाहावीत आणि रात्री घरी परतावे, ही प्रथा आगगाडीसोबत वाढली. इंग्लंडमध्ये टॉमस कुक यांनी 1841 साली लेस्टरहून लाफबरोपर्यंत स्वस्त दराची खास गाडी नेली. पुढे वीस वर्षांच्या आत, 1861 साली, मुंबईची आगगाडी कसाऱ्यापर्यंत पोहोचली आणि शहापूर तालुक्यातील आटगावचा परिसर शहराच्या एका दिवसाच्या अंतरात आला.

मात्र गाडीतून उतरल्यावर पाऊल कोणाच्या जमिनीवर पडते, हा प्रश्न दोन्हीकडे वेगळ्या रीतीने सुटला. 24 एप्रिल 1932 रोजी इंग्लंडमधील किंडर स्काउट या डोंगराळ माळावर, जो जमीनदारांनी शिकारीसाठी राखला होता, मँचेस्टर परिसरातील कामगार बंदी मोडून चढले आणि त्यांतील काहींना तुरुंगवास झाला. 1949 च्या कायद्याने सार्वजनिक पायवाटांची अधिकृत नकाशांवर नोंद सुरू झाली. त्यामुळे तेथील सहलीचे कुटुंब आज परक्याच्या शेतातूनही अशा वाटेने हक्काने जाते. आपल्याकडे गावनकाशावर पायमार्ग असतात, आणि शेताच्या वहिवाटीचा, म्हणजे पूर्वापार वापरातील, रस्ता कोणी अडवला तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमानुसार तहसीलदार तो मोकळा करू शकतो. पण हे संरक्षण कसणाऱ्यासाठी आहे, हौशी पाहुण्यासाठी नव्हे, आणि ते योग्यच आहे.

आटगावच्या आसपास फिरणारा मुंबईकर म्हणूनच बव्हंशी गावाच्या सौजन्याने चालतो, शिवाय तो येथील पाणीही पितो. 1892 साली पूर्ण झालेला तानसा तलाव, तसेच भातसा आणि मोडकसागर, हे शहापूर तालुक्यातील जलाशय मुंबईची तहान भागवतात, तर याच तालुक्यातील अनेक पाडे, म्हणजे आदिवासींच्या लहान वस्त्या, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. जलाशयाकाठी छायाचित्रे काढणाऱ्याला ही विसंगती सहसा दिसत नाही, कारण सहली पावसाळ्यात निघतात आणि तेव्हा सगळेच हिरवे असते.

त्याच दिवसांत भाताची लावणी चालते. खाचराचा, म्हणजे पाणी साठवलेल्या भातशेताचा, ओला बांध पायाखाली खचला की साठलेले पाणी वाहून जाते. तेव्हा शहापूर-मुरबाडकडे निघालेल्यांनी बांधावर चढण्यापूर्वी शेतात वाकलेल्या माणसाला वाट विचारावी, आणि तो वळसा सांगेल तर वळशानेच जावे.